पानिपतचा हरभरा

हरभऱ्याची आंब आणायला कुणी नाशिकहून पानिपतला जातं का, असं माझ्या सुनेनं मला विचारलं. प्रश्न रास्त होता. नाशिकच्या आसपास हरभरा काही कमी पिकत नाही. पण मला जायचं होतं, आणि सत्तरीला टेकलेल्या बाईला एकटीनं घराबाहेर पडायचं तर काहीतरी कारण पुढे करावं लागतं. मी आंब पुढे केली.

ज्यांना आंब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव धरतं. संध्याकाळी शेतावर धुतलेलं सुती कापड पसरायचं आणि सकाळी ते भिजलं की पिळायचं. निघेल ती आंब. पोटदुखीला आणि अजीर्णाला माझी आई ती चमच्यानं पाजायची आणि आमची वाकडी तोंडं बघून हसत सुटायची.

आता पानिपतच का, तेही सांगते. बाबा केंद्र सरकारच्या शेतीखात्यात मातीची पाहणी करायचे. आम्ही भावंडं दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. पाहणीच्या निमित्तानं पानिपतजवळच्या एका गावात बाबांची चौधरी धरमसिंगांशी गट्टी जमली. ते आमचे ताऊजी. तेव्हापासून दर संक्रांतीचा कार्यक्रम ठरलेला असे. सकाळच्या गाडीनं पानिपत, आधी काला अंबला, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, नमस्कार, मग टांग्यानं ताऊजींच्या गावी मुक्काम. अंधार पडायच्या आत आई आपलं जुनं नऊवारी लुगडं त्यांच्या हरभऱ्यावर पसरून यायची. गावच्या बायकांना त्याची कोण गंमत वाटायची! "बाबूजी की घरआळी खेत नै धोती पहरावै सै," बाबूजींची बायको शेताला लुगडं नेसवते, असं म्हणत त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

पुढे माझं लग्न झालं, आईबाबा गेले, ताऊजी गेले. त्या गावातून हरभराही गेला. भात आणि गहू, गहू आणि भात, दुसरं काही उरलं नाही. ताऊजींची सून बिमला माझ्याच वयाची. तिच्याशी मात्र दिवाळीच्या दिवाळी फोन चालू राहिला. गेल्या दिवाळीला ती म्हणाली, "बेबे, चणा बोया सै." बेबे म्हणजे बहीण.

हरभरा पेरायची तिची ही तिसरी खेप. आधीचे दोन्ही हिवाळे पीक मेलं होतं. नवरा गेल्यावर सगळी जमीन मुलगा, नरेश, बघतो. त्यातला एक किल्ला, म्हणजे आपला साधारण एक एकर, बिमलाभाभीनं हट्टानं स्वतःकडे ठेवलेला. नरेशनं तिला साफ सांगितलं होतं की हे शेवटचं. या वर्षी हरभरा उभा राहिला तर तो किल्ला तिचा, नाही तर पुढच्या हंगामापासून त्यातही भात. मी फोन ठेवला आणि तिकीट काढलं.

दिल्ली

धाकटा भाऊ मुकुंद दिल्लीतच राहिला, दिल्लीतच निवृत्त झाला. त्याची मराठी आता खिचडीसारखी झाली आहे, आणि तांदळापेक्षा डाळ जास्त. स्टेशनवरून येताना मी त्याला मुद्दाम गाडी कोपर्निकस मार्गानं घ्यायला लावली. महाराष्ट्रातून कुणी आलं की तिथल्या जुन्या सरकारी अतिथिगृहात उतरायचं आणि बाबा आम्हांला त्यांच्या पाया पडायला न्यायचे. बाबांना पाहुण्यांपेक्षा त्यांनी आणलेल्या लाडूंची ओढ जास्त, हे आईचं मत होतं आणि माझंही आहे.

घरी बॅग उघडली तसं मुकुंदनं वर आलेलं लुगडं उचललं. "ताई, हे आईचं? सीरियसली? अगं, एखादं टॉवेल घेतलं असतं ना यार!"

"टॉवेलात आंब मुरते. जुनं लुगडंच लागतं."

"अच्छा. मग मी पण काहीतरी दाखवतो." माळ्यावरून त्यानं बाबांचं एक हत्यार खाली काढलं. आडवी मूठ, खाली लांब दांडा आणि टोकाला पीळ. माती न खणता आतली बघायची असली की बाबा ते जमिनीत फिरवत. "हे बघ, ते स्क्रूसारखं. काय म्हणतात याला? मला शब्दच आठवत नाही."

"गिरमिट."

"गिरमिट! बिल्कुल!" तो इतका खूष झाला की दोनतीनदा नुसताच म्हणत राहिला. मला मात्र गलबलून आलं. या पोरानं ते गिरमिट खांद्यावर घेऊन बाबांच्या मागे मैलोन्‌मैल पायपीट केली होती, आणि शब्द तेवढा वाटेत कुठेतरी सांडला. दुसऱ्या दिवशी गाडीत लुगड्याशेजारी गिरमिटही ठेवलं.

काला अंब

दिल्लीहून पानिपतला पूर्वी शेतांमधून जावं लागायचं. आता फ्लॅट आणि गोदामांमधून जावं लागतं, मध्ये कुठे शेत राहून गेलेलं दिसतं. मुरथलला पराठे खाल्ले. त्यावरचा लोण्याचा गोळा बघून मुकुंदच्या डॉक्टरला भोवळ आली असती.

काला अंबला दाट धुकं होतं आणि त्या धुक्यात सगळीकडे मराठी ऐकू येत होती. सांगलीकडचा एक हवालदार लष्कराच्या छावणीतून बायकोला घेऊन आला होता. बाई वाकून प्लॅस्टिकच्या डबीत माती भरत होत्या. "सासूबाईंनी सांगितलंय, बाकी काही आणू नको, पानिपतची माती आण," त्या म्हणाल्या. मीही चिमूटभर माती कपाळाला लावली. आपण मराठी माणसं इथे हरलो आणि तरी इथली माती घरी नेऊन देवापाशी ठेवतो. याचं मला लहानपणापासून नवल वाटतं आणि अभिमानही.

बाबा मात्र कपाळाला लावून झालं की तीच माती बोटांत चुरडून हुंगायचे. आई चिडायची. "अहो, इथे तरी ऑफिस नको." बाबा म्हणायचे, "नमस्कार केला, आता तब्येत विचारतो." त्या दिवशी तिथे उभं राहून मला त्यांची इतकी आठवण आली की मी मुकुंदचा हात धरला.

बिमलाभाभीचं अंगण

"तू तो कती बूढ़ी हो ली, बेबे!" दारातच बिमलाभाभीनं मला मिठी मारली. म्हातारी झालीस म्हणे! तिचे स्वतःचे पुढचे दोन दात गेलेत, पण ते सांगायची सोय नव्हती, कारण मी हसत आणि रडत होते.

जेवायला बाजरीची खिचडी, त्यावर सैल हातानं तूप, आणि बथुआचं रायतं. बथुआ म्हणजे आपला चाकवत. आपण ताकातली पातळ भाजी करतो, डाळ-दाणे घालून. हे लोक तो उकडून, वाटून दह्यात कालवतात. पूर्वी गव्हात बथुआ इतका माजायचा की तो उपटायला आम्हां पोरांना शेतात सोडायचे. आता गव्हावर तणनाशक फवारतात. गवताच्या जातीचा गहू त्यातून वाचतो, रुंद पानांचं सगळं मरतं. गावात बथुआ उरला तो बिमलाभाभीच्या एका किल्ल्यात. रायतं त्यातलंच होतं, आणि वाढताना तिचा तोरा बघण्यासारखा होता.

दुपारी धुकं निवळलं आणि आम्ही शेतावर गेलो. नरेश बरोबर होता. पन्नाशीचा, भला माणूस, बोलायला मोकळा. मुलगा मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात लागल्यामुळे एवढ्या शेतीत तो एकटाच पडला आहे. मुकुंदनं आधी नरेशच्या गव्हात गिरमिट लावलं. चार बोटं आत गेलं आणि थांबलं. मुकुंदनं सगळं वजन टाकलं, तोंड लाल झालं, पण गिरमिट पुढे जाईना. वर्षानुवर्षं भातासाठी पाणी भरून चिखलणी केली की खाली एक थर दबून फरशीसारखा होतो. गव्हाची मुळं त्यावरच पसरतात, पाणी वर साचून राहतं. बिमलाभाभीचे आधीचे दोन हरभरे त्यानंच कुजवले होते.

"चाचा, बस करो, मूठ टूट जागी," नरेश हसत म्हणाला.

मग हरभऱ्यात लावलं. गेल्या पावसाळ्यात भाभीनं इथे भात लावू दिला नव्हता. धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून हिरवंच गाडलं, शेण घातलं, नांगर खोल घालायला लावला. गिरमिट फिरत फिरत खाली गेलं आणि वर आलं तेव्हा पिळात ओली, काळसर माती होती. मुकुंदनं ती हातावर घेतली, चुरडली आणि नाकाशी नेली. अगदी बाबांसारखं. त्याला स्वतःला ते कळलंही नसेल.

हरभरा घोट्याच्या वर आला होता. मी शेंडे खुडून तोंडात टाकले आणि जिभेला तो जुना आंबटपणा लागला. इतकी वर्षं मी काय शोधत होते ते मला तिथे, बांधावर उभ्याउभ्या, सापडलं.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर बाबांवर नाही पण खऱ्यावर अन्याय होईल. या गावात रासायनिक खताची पहिली गोणी टाकायला ताऊजींना बाबांनीच लावलं होतं. नव्या बुटक्या गव्हाच्या ओंब्या बघून दोघं पोरांसारखे नाचले होते, मी पाहिलंय. कूपनलिका घ्या म्हणूनही बाबाच सांगायचे. तेव्हा रहाटाच्या विहिरीत हात घालावा इतकं पाणी वर होतं. आता पाण्याचा पंप इतका खोल सोडतात की नरेशला ते सांगतानाही बरं वाटत नव्हतं. मी भाभीला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "पहलां पेट तो भरया, बेबे. दोष किसका?"

खरंच आहे. भुकेच्या दिवसांत त्यांनी जे केलं ते चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोट भरल्यावर कुठे थांबायचं हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही.

संक्रांतीचा रुसवा

आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात. हरियाणात त्याच्या आधीची पायरी आहे. घरातली वडीलधारी मंडळी त्या दिवशी खोटं खोटं रुसून बसतात आणि सुना शाल नाही तर मिठाई देऊन त्यांची समजूत काढतात. रुसवा जितका ताणून धरावा तितका मान. आपल्याकडे सासवांना यासाठी सण लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी अंगणात खाटेवर बिमलाभाभी पाठ फिरवून बसली. मलाही शेजारी बसवली. नरेशच्या बायकोनं, सुनीतानं, माझ्या खांद्यावर शाल टाकली तसा माझा रुसवा लगेच गेला. मला रुसायची सवय नाही, मी सरळ भांडते. भाभी मात्र शाल घेईना, गाजराचा हलवा घेईना. शेजारणी जमल्या, गाणी झाली. शेवटी नरेश स्वतः पुढे येऊन उकिडवा बसला.

"के चाहिए, माँ? बोल दे."

भाभी भिंतीकडे बघत म्हणाली, "चणे की डोल धोरै दवाई ना छिड़किये." हरभऱ्याच्या बांधालगतच्या गव्हावर फवारू नकोस. वारं सुटलं तर औषध उडून हरभऱ्यावर येईल आणि रुंद पानाचा हरभरा बथुआसारखाच मरेल.

शालीच्या जागी कुणी असलं काही मागत नाही. मग नरेश मोठ्यानं हसला, "ठीक सै माँ, ना छिड़कूं," आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाभीनं हलव्याची वाटी घेतली. हसण्याच्या भरात दिलेला शब्द किती धरायचा, हे मला कळेना. अंधार पडायच्या आत आम्ही दोघी जाऊन हरभऱ्यावर लुगडं पसरून आलो. या खेपेला गावातलं कुणी हसलं नाही. आंब म्हणजे काय हे आठवणारंच कुणी उरलं नव्हतं.

लुगडं

सकाळी लुगडं चिंब भिजलं होतं. मी आणि भाभीनं दोन टोकांना धरून पिळलं आणि खाली वाटीत आंब ठिबकली. मुकुंदनं चमचाभर घेतली आणि साठ वर्षांपूर्वी करायचा तेच तोंड केलं. मी आईसारखी हसत सुटले. लुगडं तिथेच झुडपांवर वाळत घातलं आणि आम्ही शेंडे खुडत बसलो.

ऊन पडलं तसं पलीकडच्या बांधावरून मोटरचा आवाज आला. फवारणीवाला. पाठीवर टाकी, तोंडाला गमछा, आणि तो गव्हातून आमच्याच दिशेनं येत होता. नरेश सकाळीच मंडीत गेला होता. त्यानं फवारणीवाल्याला आधीच बोलावून ठेवलेलं, आणि बांधालगतची पट्टी सोड हे सांगायला विसरला होता. तेवढ्यात पश्चिमेचं वारं उठलं. तिकडे गहू, इकडे हरभरा.

भाभी धावली, ओरडली. त्यानं मोटर बंद केली, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मन्नै तो पूरे खेत की बोल राखी सै. दवाई घुल ली, इब वापस ना हो." नरेशचा फोन लागेना. फवारणीवाल्यानंही लावून बघितला, त्याचाही लागला नाही. दुपारी त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. त्याचं तरी काय चुकलं? त्यानं मोटर पुन्हा सुरू केली.

भाभी एक क्षण उभी राहिली. मग वळून तिनं झुडपांवरचं लुगडं ओढलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि आम्ही ते बांधावर उभं ताणलं, आडोशाला धरतात तसं. मधे झोळ पडायला लागला म्हणून मुकुंद तिथे घुसला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. दिल्लीचा निवृत्त अंडर सेक्रेटरी! फवारणीवाला एक पाऊल पुढे टाके, आम्ही तिघं बाजूला एक पाऊल सरकू. वारं आलं की लुगडं फुगायचं आणि बारीक तुषार येऊन त्यावर बसायचे. डोळे चुरचुरायला लागले. मुकुंद शिंकत होता आणि मधून मधून म्हणत होता, "ताई, हे बिल्कुल वेडेपण आहे यार." पण हात खाली करत नव्हता.

असे आम्ही अर्धा बांध सरकलो असू. मग रस्त्यावर मोटारसायकल आडवी टाकून नरेश धावत येताना दिसला. मला वाटलं, आता फवारणीवाल्यावर ओरडणार. तो आईवर ओरडला.

"यो के तमाशा सै, माँ? जहर सै यो! मरणा सै के?"

कालपर्यंत तोही त्याला दवाईच म्हणत होता. सगळा गाव दवाई म्हणतो. आपल्याकडेही औषधच म्हणतात. फवारणीवाल्यानं मोटर बंद केली. भाभीनं मुलाकडे बघितलं. लुगड्याचं टोक तेवढं अजून वर धरून राहिली.

नरेशनं पुढे येऊन लुगडं तिच्या हातातून सोडवलं. घरी नेऊन सुनीतानं आम्हां तिघांना साबण लावून आंघोळी करायला लावल्या आणि ताक पाजलं. संध्याकाळी नरेश आईच्या खाटेशी बसला. "भूल ग्या था, माँ," एवढंच म्हणाला. बांधालगतची उरलेली पट्टी न फवारता राहिली ती राहिलीच.

लुगडं मात्र फेकावं लागलं. आईचं शेवटचं लुगडं होतं ते. वाईट वाटलं, नाही वाटलं असं कसं म्हणू? निघायच्या दिवशी हरभऱ्याच्या कडेच्या ओळी पानं मुरडून उभ्या होत्या, आतला हरभरा अजून ताठ होता. वाचेल की नाही, कुणाला सांगता येईना.

परतल्यावर

पुढचं सगळं फोनवरचं. कडेच्या ओळी करपल्या. आतल्या हरभऱ्याला घाटे धरले, पण दाणा थोडाच निघाला. घरापुरता, शेजारणींना वाटण्यापुरता. एवढ्याला उभा राहिला म्हणायचं की नाही? नरेश काही बोलेना, भाभी विचारेना. उन्हाळाभर त्या घरात त्या किल्ल्याचं नाव कुणी काढलं नाही. भाभी म्हणाली, "पूछ ल्यूं अर ना कह दे, तो?" विचारलं आणि नाही म्हणाला तर? मी इतकी फटकळ बाई, पण मलाही त्याला फोन करायचा धीर झाला नाही.

जून संपत आला. आता तिकडे भातासाठी शेतं पाण्यानं भरत असतील, हे मला इथे बसून कळत होतं. रोज सकाळी फोनकडे बघायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. मग एके दिवशी तिचाच फोन आला.

"चारों कानी पानी भर राख्या सै, बेबे," ती म्हणाली, "अर बीच मैं म्हारा किल्ला सूखा पड़्या सै."

"तुम्ही सांगितलं त्याला, भाभी?" मी हिंदीत विचारायचं विसरून मराठीतच विचारलं. तिला कळलं.

"ना. सबेरे आप ए कस्सी ले कै गया था. नाका आप बंद कर कै आया."

कस्सी म्हणजे फावडं. पाटाचं पाणी जिथून तिच्या शेतात शिरतं ते तोंड त्यानं आपल्या हातानं माती ओढून बुजवलं होतं, कुणी न सांगता.